जुन्या हेमाडपंती गाभाऱ्यावर काँक्रीटचं शिखर चढवू द्यावं का? (औसा तालुका)

तेरणाकाठ:

नमस्कार. आमच्या गावात महादेवाचं हेमाडपंती देऊळ आहे. गाभारा, अंतराळ (गाभारा आणि मंडप यांच्यामधली लहान जागा) आणि सोळा खांबांचा मंडप. सगळं काळ्या घडीव दगडाचं, दगडावर दगड, मध्ये ना चुना ना माती. शिखर तेवढं नंतरच्या काळातलं, विटा-चुन्याचं होतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात, ते खाली आलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. मी बारा वर्षांचा. गणपती बोळवून आम्ही पाच-सहा पोरं घरी न जाता मंडपातच सतरंजी टाकून झोपलो होतो. चारला चार मिनिटं कमी होती. जात्याच्या घरघरीसारखा आवाज आधी आला, मग जमीन हलली. शिखराच्या विटा गाभाऱ्यामागं कोसळल्या, खांब गदगदले, तोंडात धूळ गेली. पण मंडपाचा एक दगड आमच्यावर पडला नाही. घराकडं पळालो तर घरच नव्हतं. तीन-तीन फूट रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर हात-दीड हात मातीचं माळवद. आजी त्यात गेली.

दोनेक वर्षांनी देवळाची दुरुस्ती झाली. गाव तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये, लक्ष द्यायला कुणाला उसंत नव्हती. कंत्राटदारानं सांध्यांत सिमेंट भरलं, गाभाऱ्याला आतून सिमेंटचा गिलावा केला, मंडपावर कोबा टाकला. पडलेले कोरीव दगड काही पाराच्या कट्ट्यात गेले, काही कुठं गेले कळलं नाही.

आजची स्थिती अशी: गाभाऱ्याची उत्तरेकडची भिंत फुगली आहे. मी स्वतः ओळंबा सोडून पाहिला, मध्यावर अडीच इंच पोट आलंय. आतल्या गिलाव्यावर पांढरं मीठ फुटतं, पोपडे पडतात. पाऊस संपून दोन महिने झाले तरी गाभारा ओलाच असतो. फोटो सोबत जोडलेत.

आता पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांनी चांगली वर्गणी जमवली आहे. कमिटीचं म्हणणं, गाभाऱ्याच्या भिंतींवरच बीम टाकून चाळीस फुटी आरसीसी शिखर उभारायचं. नकाशा म्हणून एक रंगीत चित्र आलंय, बाकी काही नाही. मी कमिटीत आहे. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. सगळे म्हणतात, काँक्रीटमध्ये सळई असते, भूकंपात तेच टिकतं. काय सांगू त्यांना? येत्या शनिवारी बैठक आहे.

ओळंबा_आणि_गुण्या:

दादा, तुमचे फोटो दोनदा पाहिले. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करणारी इंजिनिअर आहे. शनिवारी एवढं एकच सांगा: भूकंपात इमारतीला जो धक्का बसतो तो तिच्याच वजनाच्या हिशेबात बसतो, आणि वजन जितकं उंचावर तितकी खालची भिंत जास्त पिळवटते. काँक्रीट घनमीटरला अडीच टन भरतं. चित्रातल्या शिखराला पंचवीस घनमीटर जरी लागलं तरी साठ टनांच्या वर ओझं झालं, आणि ते पोट आलेल्या भिंतीवर. शिखरातली सळई शिखराला धरून ठेवील. खालच्या भिंतीत सळई कुठं आहे?

तुमच्या आजीच्या घरात आणि देवळात दगड तोच होता. घर माळवदाच्या ओझ्यानं आणि दुपदरी भिंतीनं पडलं. बाहेरचा एक पदर, आतला एक पदर, मध्ये दगडगोट्यांचा आणि मातीचा भरणा, आणि दोन्ही पदरांना शिवणारा लांब बंधदगड नाही. हादरा बसला की पदर सुटतात, एक आत पडतो, एक बाहेर, आणि माळवद सरळ खाली येतं. किल्लारीनंतर नव्या दगडी बांधकामासाठी जे नियम लोकांपर्यंत नेले त्यात हेच आहे: भिंत दीड फुटापेक्षा जाड नको, उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांच्या आत आरपार जाणारा दगड हवा.

देवळाच्या भिंतीतही भरणा असतो, पण दर्शनी दगड मोठे, घडीव, खाचा पाडून एकमेकांत बसवलेले. हादऱ्यात ते किंचित सरकतात, घासतात, आणि त्यात धक्का बराच जिरतो. म्हणून तुम्ही पोरं वाचलात. सिमेंटनं ते सरकणं बंद केलं. त्याहून वाईट म्हणजे पाणी. कोब्याच्या चिरेतून आत शिरलेलं पाणी पूर्वी सांध्यांतून निघून जायचं. आता ते भरण्यातच राहतं, माती घेऊन खाली बसतं, आणि बसलेला भरणा दगडाला बाहेर ढकलतो. तुमचं अडीच इंचाचं पोट ते हेच असावं. लाकडी मोगरीनं भिंतीवर हळू ठोकत जा. भरीव आवाज कुठं येतो आणि पोकळ कुठं, ते खडूनं भिंतीवरच लिहा.

नेपाळचं सांगते, कारण जुन्या दुरुस्तीनं काय होतं ते मी तिथं पाहिलं. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर मी दीड वर्ष ललितपूरला होते. त्यालाही पाटणच म्हणतात. तिथल्या दरबार चौकातली चारनारायण आणि हरिशंकर ही दोन्ही मंदिरं भुईसपाट झाली होती. लोकांनी आणि शिपायांनी कोरीव लाकडाचा तुकडा न् तुकडा उचलून राजवाड्याच्या आवारात रचून ठेवला होता. मी गेले तेव्हा छपराखालचे तिरके आधार, त्यांना तिथं टुंडाल म्हणतात, ओळीनं मांडलेले होते. एका देवीचा हात कोपरापासून तुटलेला, आणि शेजारीच सुतळीनं बांधून ठेवलेला तोच हात. सुतारानं तुटल्या जागी नवं लाकूड सांधून जुनाच आधार परत वर चढवला.

काठमांडूचा काष्ठमंडप, म्हणजे जुना लाकडी मंडप, पडला तेव्हा आत रक्तदान शिबिर चालू होतं, माणसं दगावली. सगळ्यांना वाटलं पाया कच्चा असणार. पुरातत्त्वाच्या लोकांनी खणून पाहिलं तर पाया सातव्या शतकातला आणि धडधाकट. चार मुख्य खांबांपैकी एकाखाली मात्र त्याची दगडी बैठक उरलेली नव्हती, आणि मागच्या शतकातल्या दुरुस्तीत त्यावरून फरशी घालून टाकली होती. भक्तपूरचं पाच छपरांचं न्यातपोल मंदिर १७०२ चं. त्यानं १९३४ चाही भूकंप सोसला आणि २०१५ चाही.

तिथलं लाकूड-विटांचं काम आपल्या बेसाल्टला जसंच्या तसं लागू होत नाही. पण शिखराआधी भिंत, हे दोन्हीकडं सारखंच. क्रम असा ठेवा. देऊळ राज्य किंवा केंद्र संरक्षित यादीत आहे का ते आधी बघा. केंद्राच्या यादीत असेल तर भोवतीच्या शंभर मीटरात नव्या बांधकामाला बंदी आहे. यादीत नसलं तरी पुरातत्त्व संचालनालयाला पत्र द्या. मग कोबा काढून छताचं पाणी बाहेर वळवा. भिंतीला टेकू द्या. सिमेंटच्या दरजा, म्हणजे सांध्यांत भरलेलं सिमेंट, छिन्नीनं, हातानं काढा, मशिन लावू नका. पोकळीत पातळ चुना नुसत्या उतारानं सोडा, दाबानं नाही. पोट फारच असेल तर तेवढे थर नंबर टाकून उतरवा आणि बंधदगड घालून परत रचा. जिथं दगड मिळत नाही तिथं स्टेनलेस स्टीलची सळई, साधं लोखंड नाही. ते गंजून फुगतं आणि दगड फोडतं. हे सगळं जुन्या दगडी कामाचा अनुभव असलेल्या इंजिनिअरनं जागेवर येऊन ठरवायचं. फोटोवरून मी ठरवणार नाही.

आणि उद्याच एक करा. भिंतीवरच्या भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसनं चिकटवा, शेजारी तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे असं समजा, आणि त्या दिवसापासून गाभाऱ्यात गर्दी नको.

लोहाऱ्याची_लेक:

ताईंचं शास्त्र बरोबर असेल. पण माझे आई-वडील दोघं त्या रात्री दगडाखाली गेले. मी अकरा तासांनी बाहेर निघाले. आमच्या नव्या गावात अजून कित्येक म्हातारी माणसं दगडी भिंतीला पाठ टेकून बसत नाहीत. लोक काँक्रीट मागतात ते अडाणी म्हणून नाही. त्या भीतीला बैठकीत कुणी हसू नका. महाशिवरात्रीला त्या गाभाऱ्याशी बायका-पोरांची रांग असते. त्यांच्या डोक्यावर काय आहे, ते आधी सांगा. देऊळ जुनं आहे हे त्यानंतर.

ओळंबा_आणि_गुण्या:

ताई, तुमचं म्हणणं पहिलं. माझ्या उत्तरात हे वरती यायला हवं होतं. भिंत बांधून होईपर्यंत गाभारा बंद, दर्शन मंडपातून, आणि मंडपाच्या तुळयांना तडे आहेत का ते तपासूनच. बैठकीत मी ऑनलाइन यायला तयार आहे. भीती वाटणाऱ्या माणसांशी मला स्वतः बोलायचंय.

कोयनाखोरं:

मी खऱ्या पाटणचा, म्हणजे सातारा जिल्ह्यातला. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी दुसरीत होतो. वडील गवंडी, मीही गवंडीकामच केलं. बाकी ताईंनी सांगितलंय, मी चुन्याचं सांगतो, कारण लोक बाजारातली चुन्याची पिशवी आणतात आणि चुना टिकत नाही म्हणून ओरडतात.

कळीचा चुना आणा, दगडासारखी ढेकळं असतात ती. खड्ड्यात पाणी आधी, कळी नंतर. उकळी फुटते, अंगावर उडाला तर भाजतो, पोरांना लांब ठेवा. विरला की गाळून घ्या आणि वर चार बोटं पाणी राहील असा किमान महिनाभर मुरू द्या. लोण्यासारखा झाला पाहिजे, थापीला चिकटून राहिला पाहिजे. मग धुतलेली वाळू आणि चांगल्या भाजलेल्या विटेची सुरखी (भुकटी) घालून घाणीत, म्हणजे चुना मळायच्या चक्कीत, मळायचा. बैलाची घाणी आता कुठं मिळत नाही, मोटारीवरची चक्की चालते. आमचे वडील गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालायचे, बेलफळाचा गरही. प्रमाण आधी छोट्या तुकड्यावर करून बघा, महिनाभर थांबा, नखानं उकरून पाहा.

दरज भरण्याआधी दगड पाण्यानं चिंब करा. भरल्यावर ओलं गोणपाट लावून निदान पंधरा दिवस ओल धरा. उन्हाळ्यात काम काढू नका, चुना सुकून भुगा होतो. दसऱ्यानंतर धरा, होळीच्या आत संपवा. आणि घाई करणारा गवंडी असेल तर त्याला पैसे देऊन घरी पाठवा.

तेरणाकाठ:

बैठक झाली. ताई ऑनलाइन आल्या, दीड तास बोलल्या. लोहाऱ्याच्या ताईंचं लिहिलेलं मी मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचताना मलाच थांबावं लागलं. आमच्यातले सत्तरीचे एक काका उठले आणि म्हणाले, वरचं ओझं काय करतं ते मला कुणी शिकवायला नको.

शिखर रद्द झालेलं नाही. पुढच्या वर्षावर गेलंय, आणि ठेकेदाराला दिलेला अ‍ॅडव्हान्स परत कसा मागायचा यावरून दोन गट पडलेत. पण कोबा काढायचा आणि इंजिनिअर बोलवायचा, यावर सगळ्यांचं एकमत झालं. गाभाऱ्याला कालपासून कुलूप आहे, पुजारी दारातून पाणी घालतात. उत्तर भिंतीवर तीन काचा लावल्यात. मधली आज सकाळी तडकलेली दिसली.

पाराच्या कट्ट्यातले दगड पोरांनी शोधायला घेतलेत. आतापर्यंत तीन निघाले. एक तर पालथा बसवलेला होता, त्याच्यावर आम्ही इतकी वर्षं बसत होतो. उलटा केला तर खाली कीर्तिमुख, देवळावर कोरतात ते राक्षसी तोंड. तिन्हींवर खडूनं नंबर टाकलेत आणि फोटो काढून ठेवलेत.

कोयनाखोरं काका, चुना मुरवायचा खड्डा देवळापासून किती लांब घेऊ, आणि किती खोल? जमीन काळी आहे, खाली चार फुटांवर मुरूम लागतो.