घरातून बंदुकांचा व्यवसाय: एफएफएलसाठी (बंदूक व्यवसायाचं संघीय लायसन्स) अर्ज करण्याआधी काय काय तपासायचं?

माळरान

टेक्सासमध्ये डॅलसच्या बाहेरच्या एका उपनगरात स्वतःचं घर आहे, एचओए (घरमालकांची संघटना) आहे. माझं ग्रीन कार्ड आहे. बायको एच-वनवर (कामाच्या व्हिसावर) आहे, तिचं ग्रीन कार्ड अजून रांगेत. नोकरी सोडायची नाही. शनिवार-रविवार आणि संध्याकाळी ऑनलाइन खरेदीचे ट्रान्सफर (दुसरीकडून मागवलेली बंदूक कागदपत्रं करून गिऱ्हाइकाला सोपवणे), थोडी विक्री, स्कोप बसवणे, ट्रिगर बदलणे एवढंच डोक्यात आहे. जमलं तर पुढे सप्रेसर (बंदुकीचा आवाज कमी करणारी नळी).

प्रश्न असे: टाइप ०१ (विक्री-दुरुस्तीचं) घ्यावं की ०७ (उत्पादनाचं)? घराला लागून असलेल्या गॅरेजमधली खोली चालते का? मुलाखतीला एटीएफचा (लायसन्स देणारं संघीय खातं) माणूस घरी येतो तेव्हा नेमकं काय बघतो? आणि 'हौस म्हणून करतोय' असं वाटून अर्ज परत येतो, हे खरं का?

---

खातेवही

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण अर्ज तिथेच अडतात. लायसन्स 'व्यवसाय करणाऱ्याला' मिळतं. स्वतःच्या संग्रहासाठी घाऊक भावात माल हवा म्हणून कोणी अर्ज केला, तर तो नाकारला जातो. अर्धवेळ चालतं, घरातून चालतं, पण हेतू नफ्याचा हवा. २०२२ च्या कायद्याने विक्रेत्याच्या व्याख्येत 'उपजीविका' हा शब्द राहिला नाही, 'मुख्यतः नफा मिळवणे' एवढंच राहिलं. मुलाखतीत गिऱ्हाईक कोण, माल कुठून आणणार, दर काय हे विचारतील. 'बघू, मित्रांसाठी करीन' हे उत्तर देऊ नका.

आता क्रम. फॉर्म ७ (लायसन्सचा अर्ज) शेवटी, आधी पत्ता.

१) घर शहराच्या हद्दीत आहे का बघा. असेल तर प्लॅनिंग विभागाकडे जाऊन घरगुती व्यवसायाचे नियम मागा आणि उत्तर ईमेलवर घ्या. फोनवरचं 'हो, चालेल' कोणी मान्य करत नाही. पाटी लावायची नाही, बाहेरचा नोकर ठेवायचा नाही, गिऱ्हाइकांची गर्दी किंवा गाड्या नकोत, अशा अटी सहसा असतात. काही शहरांच्या यादीत बंदुकविक्री स्पष्ट वगळलेली असते. हद्दीबाहेर असाल तर टेक्सासमधल्या काउंटींना सर्वसाधारणपणे झोनिंगचा (कुठे कोणता व्यवसाय चालेल ते ठरवण्याचा) अधिकारच नाही, तो प्रश्न तिथेच मिटतो.

२) एचओएचे करार वाचा. तो खासगी करार आहे, एटीएफ त्याची अंमलबजावणी करत नाही. पण लायसन्स हातात पडल्यावर एचओएने नोटीस काढली तर धंदा बंद तुमचाच. 'गिऱ्हाइकांची ये-जा होणारा व्यवसाय नको' असं कलम असेल तर लेखी परवानगी घ्या.

३) मग फॉर्म ७. प्रत्येक जबाबदार व्यक्तीचा (म्हणजे धंद्याचे निर्णय घेणाऱ्याचा) भाग ब, २ बाय २ इंचाचा फोटो आणि एफडी-२५८ कार्डावर बोटांचे ठसे. एक प्रत तुमच्या भागाच्या पोलिसप्रमुखाकडे पाठवायची. तिथून परवानगी लागत नाही, फक्त कळवायचं. टाइप ०१ ला तीन वर्षांचे २०० डॉलर, पुढच्या प्रत्येक तीन वर्षांच्या नूतनीकरणाला ९०. टाइप ०७ ला दोन्ही वेळा १५०.

कायद्याने एटीएफला ६० दिवसांची मुदत आहे, पण ती मोजतात नीट भरलेला अर्ज पोचल्यापासून. पुसट ठसे, विसरलेली सही, वेळापत्रकाचा रिकामा रकाना यापैकी काही निघालं की घड्याळ सुरूच होत नाही. ठसे स्वतः घरी शाईने घेऊ नका, ज्यांच्याकडे साधनं आणि सराव आहे त्यांच्याकडून घ्या.

०१ की ०७ याचं उत्तर तुमच्या कामातच आहे. दुरुस्ती आणि भाग बदलणं ०१ मध्ये बसतं. लोअर (रायफलीचा खालचा मुख्य भाग) घेऊन विक्रीसाठी रायफली जोडणार असाल तर ते उत्पादन झालं, तिथे ०७ लागतं. ०७ वाला विक्रीही करू शकतो आणि सुरुवातीला ५० डॉलर स्वस्त पडतं, म्हणून बरेच जण तेच घेतात. पण मग दर वर्षी १ एप्रिलपर्यंत उत्पादनाचा अहवाल द्यावा लागतो, एकही बंदूक बनवली नाही तरी. उत्पादन करायचंच नसेल तर ०१ घ्या.

---

तिरकस

वरच्या प्रतिसादात सगळं नीट आलंय, पण घरातली मोठी अडचण राहिली. बायको एच-वनवर.

नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगायला संघीय कायद्यात बंदी आहे: १८ यूएससी ९२२(जी)(५)(बी). एच-वन, एल-वन, एफ-वन सगळे त्यात येतात. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन्स असेल तर अपवाद आहे. पण घरभर विक्रीचा माल असताना त्या एका कागदावर भिस्त ठेवू नये, तो संपला की अपवादही संपतो. ग्रीन कार्डवाल्याला ही बंदी नाही, त्यामुळे तुमच्या स्वतःच्या अर्जाला अडचण नाही. फॉर्मवर नागरिकत्वाचा देश आणि ए-नंबर (इमिग्रेशनचा क्रमांक) मात्र भरावा लागतो.

'बाळगणे' म्हणजे हातात धरणे एवढंच नव्हे. तिजोरीची किल्ली किंवा आकडे तिच्याकडे असले, तर ताबा तिचाही धरला जाऊ शकतो. म्हणून किल्ली आणि आकडे फक्त तुमच्याकडे, आणि तिजोरीबाहेर काही नाही, गॅरेजमधल्या बाकावर उघडी पडलेली रायफलसुद्धा नाही. एलएलसी (छोटी कंपनी) काढलीत तर तिला सदस्य करू नका, जबाबदार व्यक्ती तर नाहीच. एच-वनवर तुमच्या धंद्यात काम करण्याची परवानगीही तिला नाही, म्हणजे हिशेब लिहिणं किंवा गिऱ्हाइकाला वेळ देणंसुद्धा नाही.

लोक हमखास विसरतात ते पार्सल. बंदूक आली की कुरियरला मोठ्या माणसाची सही लागते. तुम्ही ऑफिसात, दार तिने उघडलं, तिने सही केली, खोका आत घेतला. बंदूक तिने स्वीकारली! तेव्हा माल कुरियरच्या केंद्रावर अडवून ठेवायला सांगा आणि स्वतः जाऊन आणा. ट्रान्सफरच्या गिऱ्हाइकांनाही आधीच कळवा, की पाठवणाऱ्या दुकानाने ट्रॅकिंग नंबर तुम्हाला दिलाच पाहिजे.

---

गॅरेज_बेंच

खोलीबद्दल. संघीय कायदा अमुक तिजोरी किंवा अमुक अलार्म हवाच असं म्हणत नाही. मुलाखतीला येणारा अन्वेषक बघतो ते असं: व्यवसायाची जागा घरापासून ओळखता येते का, माल आणि नोंदी कुठे राहणार, दार कसं बंद होतं, घरात आणखी कोण राहतं. गिऱ्हाईक बैठकीच्या खोलीतून न जाता थेट आत येऊ शकेल असं दार असेल तर उत्तम. साधा हातानं काढलेला नकाशा जवळ ठेवा. स्वतःच्या बंदुका त्या खोलीत नकोतच. ठेवायच्याच असतील तर प्रत्येकीला 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी बांधा.

फॉर्मवर जे तास लिहाल ते पाळता आले पाहिजेत. तपासणी वर्षातून एकदा, वॉरंटशिवाय, व्यवसायाच्या वेळेत होऊ शकते. 'रोज ९ ते ५' असं लिहून नोकरीला गेलात तर दाराला कुलूप सापडेल. शनिवारी सकाळचे चार तास लिहा, खरे लिहा.

अर्जापेक्षा मोठा अभ्यास नोंदींचा आहे. बाउंड बुकमध्ये (बंदुकांच्या आवक-जावकेची वही) आलेली बंदूक पुढचा कामाचा दिवस संपण्याआधी चढवायची, गेलेली सात दिवसांच्या आत उतरवायची. दुरुस्तीला आलेली बंदूक रात्रभर राहिली तर ती नोंदवायची, परत देताना उतरवायची. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना स्कोप बसवून त्याच दिवशी परत दिलीत तर नोंद लागत नाही. हा फरक लक्षात ठेवलात तर निम्मी लिखापढी वाचते, पण 'उद्या घेऊन जाईन' म्हटलं की लगेच वही उघडायची. उत्पादक, मॉडेल, सिरीयल, प्रकार, कॅलिबर हे सगळं बंदुकीवर कोरलेलं वाचून लिहा, खोक्यावरच्या लेबलवरून नाही. खोकी अदलाबदल होतात, आणि ओ की शून्य, आय की एक हा घोळ लेबलावर जास्त होतो.

४४७३ (बंदूक घेताना गिऱ्हाइकाने भरायचा फॉर्म) मधल्या चुका ठरलेल्या असतात. पत्त्यात काउंटी लिहायची राहते. पोस्ट बॉक्स देतात, तो चालत नाही. ड्रायव्हिंग लायसन्सवर जुना पत्ता असतो; तेव्हा नवीन पत्त्याचा दुसरा सरकारी कागद, उदाहरणार्थ गाडीचं रजिस्ट्रेशन, घेऊन त्याची नोंद करा. चूक दुरुस्त करताना व्हाइटनर नाही. एक रेघ, बाजूला आद्याक्षरं, तारीख. गिऱ्हाइकाच्या भागातली चूक गिऱ्हाइकानेच दुरुस्त करायची, तुम्ही नव्हे.

एनआयसीएसने (गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणारी संघीय यंत्रणा) 'विलंब' सांगितला तर कामाचे तीन दिवस थांबायचं. गिऱ्हाईक २१ च्या खालचं असेल तर ही मुदत दहापर्यंत जाऊ शकते. तीन दिवस उलटल्यावर बंदूक देण्याची मुभा आहे, सक्ती नाही. नवख्याने उत्तर येईपर्यंत थांबावं असं माझं मत. टेक्सासचं एलटीसी (बंदूक जवळ बाळगण्याचं राज्याचं लायसन्स) असलेल्याला एनआयसीएस लागत नाही, पण ४४७३ कोणालाच चुकत नाही.

पिस्तूल फक्त त्याच राज्यातल्या रहिवाशाला, वय २१. दिलेल्या प्रत्येक पिस्तुलाबरोबर कुलूप, आणि लहान मुलांबाबतची एटीएफची सूचना भिंतीवर आणि गिऱ्हाइकाच्या हातातही. एकाच माणसाला कामाच्या सलग पाच दिवसांत दोन पिस्तुलं गेली की ३३१०.४ हा फॉर्म त्याच दिवशी. आणि चोरी झाली किंवा बंदूक सापडेना, तर ४८ तासांत एटीएफ आणि स्थानिक पोलीस, दोघांनाही.

---

माळरान

धन्यवाद सगळ्यांना. पार्सलचा मुद्दा खरंच डोक्यात आला नव्हता. सप्रेसरचं काय? फक्त विकायचे आहेत, बनवायचे नाहीत.

---

खातेवही

विकायचे असतील तर ०१ वर क्लास ३ चा (विक्रेत्याचा) एसओटी, म्हणजे अशा मालाच्या धंद्यावरचा खास कर, वर्षाला ५०० डॉलर. त्याचं वर्ष १ जुलै ते ३० जून. अधेमधे घेतलात तरी पूर्ण ५०० भरावे लागतात, म्हणून मे महिन्यात घेणं म्हणजे पैसे पाण्यात. ईआयएन (धंद्याचा कर क्रमांक) लागतो, तो आयआरएसकडून (संघीय कर खातं) फुकट मिळतो. कर व्यवस्थेत इतकं सोपं दुसरं काही नाही.

०७ आणि क्लास २ (उत्पादकाचा एसओटी) घेऊन सप्रेसर बनवायची कल्पना कोणी सुचवली तर आधी हिशेब मांडा. २०२० नंतर साध्या सेमी-ऑटो बंदुका बनवणारा परराष्ट्र खात्याच्या (शस्त्रनिर्यात नियमांखालच्या) नोंदणीतून सुटला, पण सप्रेसर त्या यादीत राहिले. ती नोंदणी आता वर्षाला ३,००० डॉलर आहे. शनिवारच्या धंद्यात ती भरून निघत नाही.

आणि हो, हा धागा वाचून दुसऱ्या राज्यातल्या कोणी टेक्सासचं गणित धरू नये. टेक्सासमध्ये राज्याचं वेगळं डीलर लायसन्स नाही. इलिनॉयमध्ये २०१९ पासून राज्य पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत राज्याचे स्वतंत्र सोपस्कार आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये राहत्या घरातून हा धंदाच करता येत नाही.

---

तिरकस

एक राहिलं, विमा. घराच्या पॉलिसीत धंद्याचा माल बहुधा वगळलेला असतो किंवा अगदी थोड्या रकमेपर्यंतच धरलेला असतो, आणि गिऱ्हाइकाची दुरुस्तीला आलेली बंदूक तर त्यात येतच नाही. एजंटला लपवून ठेवू नका. धंद्याच्या पॉलिसीचा दर काढा आणि तो खर्च ट्रान्सफरच्या फीमध्ये धरा. महिन्याला चार-पाच ट्रान्सफरवर तो निघत नसेल तर अर्ज करण्याआधीच कळलेलं बरं.