सव्वा-दीड लिटरच्या इंजिनाला दोन इंची एक्झॉस्ट पाइप : हवा की नको?

रेडलाइन
छोटी गाडी मॉडिफाय केली की एक्झॉस्टला, म्हणजे इंजिनाचा धूर मागे नेणाऱ्या नळीला, डोळे झाकून दोन इंची पाइप घालतात, ते मला पटत नाही. समजा १.३ लिटरचं इंजिन आहे, टर्बो नाही, ४-२-१ हेडर (सिलिंडरचे चार पाइप आधी दोनात, मग एकात आणणारा), कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदललेला, ईसीयू (इंजिनाचा संगणक) नव्याने मॅप केलेला, ताकद साधारण १०० एचपी. याला पावणेदोन इंची पाइप पुरतो.

ढोबळ हिशेब असा. एका एचपीमागे एक्झॉस्टला मिनिटाला २.२ घनफूट प्रवाहाची क्षमता लागते, आणि पाइपचा एक चौरस इंच मिनिटाला ११५ घनफुटांना पुरतो. म्हणजे १०० एचपीला १.९१ चौरस इंच हवेत. दीड मिमी जाडीच्या पावणेदोन इंची पाइपचं आतलं क्षेत्रफळ २.०९ भरतं, तो १०९ एचपीपर्यंत चालतो. दोन इंची १४५ एचपीचा आहे. एवढी ताकद आणणार कुठून?

गॅस्केट
हिशेब सरळ पाइपचा झाला. बेंडचं काय? मँड्रेलवर (आत आधाराचा दांडा घालून) वाकवलेला पाइप गोल राहतो, पण साध्या प्रेस बेंडरवर तो आतल्या बाजूने चेपतो. मागच्या अ‍ॅक्सलवरून जाणारा बेंड हात घालून पाहा, अंडाकृती लागेल. तिथे तुमचे २.०९ उरत नाहीत. प्रेस बेंड असेल तर दोन इंचीच घ्यावा.

आणि ‘बॅकप्रेशर (एक्झॉस्टमध्ये अडून मागे येणारा दाब) गेलं म्हणून टॉर्क गेला’ असं लोक म्हणतात, ते तर सोडूनच द्या. इंजिनाला बॅकप्रेशर कधीच नको असतं. सिलिंडर ओढून रिकामा करण्याचं काम हेडरचे चार पाइप आणि कलेक्टर (ते जिथे एकत्र येतात तो जोड) करतात. कमी आरपीएमचा टॉर्क पडला तर आधी हेडरचे पाइप फार जाड आहेत का ते बघा, मग मॅप.

रेडलाइन
बॅकप्रेशरबद्दल एकमत. पण मँड्रेल बेंड मिळत असताना चेपलेल्या बेंडवर जाड पाइपचा उतारा कशाला? आवाजाचाही विचार करा. सायलेन्सरचा डबा तोच ठेवून पाइप जाड केला की डबा आणि पाइप यांच्या क्षेत्रफळांतली तफावत कमी होते, आवाज कमी मरतो. चार सिलिंडरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला १०० स्फोट करतं. लांबच्या प्रवासात हीच घरघर डोकं उठवते, आणि ती मारायला बाजूला बंद तोंडाची नळी जोडायची तर गरम वायूत तिची लांबी सव्वा मीटरच्या आसपास जाते. छोट्या गाडीखाली तेवढी जागा कुठे आहे?

कलेक्टर४२१
भांडण्यापेक्षा मोजा. कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीचा ओ-टू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) काढा, त्याच्या १८ मिमी आट्यांत अडॅप्टर बसवा, अर्धा मीटर धातूची नळी आणि मग प्रेशर गेज. रबरी नळी थेट जोडली तर वितळते. मोकळ्या, सुरक्षित जागी तिसऱ्या गिअरला पूर्ण थ्रॉटल देऊन इंजिन कमाल आरपीएमपर्यंत न्या, गेज सोबतच्याने वाचावा. दाब २ पीएसआयच्या आत राहिला तर पाइप बदलून हाती काही लागत नाही. जास्त आला तर कॅटच्या मागे भोक पाडून, गेज लावायला आट्यांचा बुश वेल्ड करून पुन्हा मोजा. तिथे आकडा एकदम खाली आला तर दोष कॅटचा, पाइपचा नाही. पुष्कळदा तेच निघतं.

गॅस्केट
मोजणं मान्य. मात्र पुढे टर्बो बसवायचा असेल तर आताच टर्बाइनच्या (टर्बोच्या धुराने फिरणाऱ्या चाकाच्या) मागे अडीच इंची धरा. तिथे मोठा पाइप फायद्याचाच, कारण टर्बाइनच्या मागचा दाब जितका कमी तितका टर्बो लवकर फिरतो.

रेडलाइन
टर्बोला अडीच इंची, त्यात वाद नाही. माझं म्हणणं टर्बो नसलेल्या इंजिनापुरतं आहे. कुठलाही पाइप घ्या, कलेक्टरनंतर फ्लेक्स (लवचिक) जोड हवाच. आडवं बसवलेलं इंजिन थ्रॉटलसरशी पुढेमागे डोलतं, फ्लेक्स नसेल तर कलेक्टरच्या वेल्डला चीर जाते. ती ओ-टू सेन्सरच्या आधी असली की बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ (पेट्रोल कमी) दाखवतो आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. मग दोष पाइपच्या मापाला दिला जातो.