केंद्रीय गुप्तचर यंत्रणेतील सायबर सुरक्षेच्या पदासाठी अर्ज करण्याविषयी

प्रश्न : खराडीची रात्रपाळी

नमस्कार. माझे वय २५ आहे. पुण्यातच संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि सध्या खराडीतील एका कंपनीच्या सुरक्षा देखरेख केंद्रात, ज्याला आम्ही सॉक म्हणतो, तेथे काम करतो. परदेशी ग्राहकांच्या सर्व्हरचे लॉग रात्रभर पाहणे, एखादी संशयास्पद नोंद दिसली की तिचा माग काढणे आणि गरज पडल्यास वरिष्ठांकडे पाठवणे, हे माझे रोजचे काम. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेवर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले, तेव्हा आपल्याच शहरात घडलेल्या या प्रकाराने मी या क्षेत्राकडे वळलो. तेव्हापासून मनात आहे की हे कौशल्य परक्या कंपनीच्या नफ्याऐवजी देशाच्या कामी यावे.

माझ्या शंका अशा : अर्ज नेमका कोणत्या यंत्रणेकडे आणि कोणत्या पदासाठी करावा? मी ओएससीपी ही, प्रणालीत शिरून तिच्यातील कच्चे दुवे शोधण्याच्या कौशल्याची खासगी प्रमाणपत्र परीक्षा उत्तीर्ण आहे. तिला काही वजन मिळते का? गेल्या पाच वर्षांत मी कर्वेनगर, वारजे आणि आता चंदननगर अशा तीन ठिकाणी भाड्याने राहिलो आणि माझा सख्खा भाऊ कॅनडात आहे. चारित्र्य पडताळणीत यामुळे अडचण येईल का? शिवाय मी शोधलेल्या त्रुटींविषयी एक ब्लॉग लिहितो. तो बंद करावा का?

उत्तर : निवृत्त, सहकारनगर

मी केंद्र सरकारच्या तांत्रिक सेवेतून निवृत्त झालो आहे. गुप्तचर यंत्रणेत मी नव्हतो, परंतु नियुक्ती आणि पडताळणीचे कागद वर्षानुवर्षे हाताळले असल्याने लिहितो.

'गुप्तचर यंत्रणा' असे एकच दार नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. इंटेलिजन्स ब्युरो गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे आणि तिची तांत्रिक भरती उघड जाहिरात देऊन होते. २०२५ मध्ये असिस्टंट सेंट्रल इंटेलिजन्स ऑफिसर, ग्रेड दोन, तांत्रिक, या पदाच्या २५८ जागा निघाल्या होत्या; त्यांपैकी काही संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञानाच्या, तर उरलेल्या इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचाराच्या होत्या. वेतनस्तर सातवा, म्हणजे मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून सुरू होते आणि त्यावर मूळ वेतनाच्या २० टक्के विशेष सुरक्षा भत्ता मिळतो. खराडीच्या पगाराशी याची तुलना करून निराश होऊ नये; ही नोकरी पगारासाठी धरली तर ती फार काळ मानवत नाही.

दुसरी वाट मंत्रिमंडळ सचिवालयाची, ज्याच्या अखत्यारीत रॉ ही परदेशी गुप्तवार्ता पाहणारी संघटना येते. तेथे डेप्युटी फील्ड ऑफिसर, तांत्रिक, अशा नावाने जाहिरात येते आणि अर्ज अजूनही छापील नमुन्यात भरून टपालाने दिल्लीला पाठवावा लागतो. तिसरी संघटना म्हणजे २००४ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय तांत्रिक संशोधन संघटना, एनटीआरओ. वीज, बँका, दूरसंचार यांसारख्या महत्त्वाच्या यंत्रणांचे संरक्षण पाहणारे एनसीआयआयपीसी हे केंद्र तिच्याच छत्राखाली येते. तुमचा पिंड जर बचावाच्या कामाचा असेल, आणि रात्रभर लॉग वाचणारा माणूस बहुधा त्याच पिंडाचा असतो, तर या केंद्राकडे आणि सर्ट-इनकडेही लक्ष ठेवावे. सर्ट-इन गुप्तचर संस्था नाही. सायबर घटना घडल्यावर देशभरातून तिच्याकडे कळवावे लागते, आणि एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार त्यासाठी सहा तासांची मुदत आहे. तुमच्या आजच्या कामाशी सर्वांत जवळचे सरकारी काम तेच होय.

वयाची बाब मात्र निकडीची आहे. इंटेलिजन्स ब्युरोच्या या पदासाठी खुल्या प्रवर्गाला २७ वर्षांची मर्यादा असते, तर मंत्रिमंडळ सचिवालयाच्या पदासाठी ती ३० आहे. पुढच्या वर्षी बघू, असे म्हणण्याइतका अवधी तुमच्या हाती नाही.

उत्तर : नवी पेठ

मी गेटच्या, म्हणजे अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी देशभर होणाऱ्या परीक्षेच्या, विद्यार्थ्यांना शिकवतो. निवृत्त यांनी सांगितलेल्या पहिल्या दोन्ही पदांची पहिली चाळणी गेटच्या गुणांवर होते. त्यामुळे ओएससीपीविषयीचे उत्तर स्पष्टच देतो : ती परीक्षा मुलाखतीत आणि कौशल्य चाचणीत तुमच्या उपयोगी पडेल, पण चाळणीत तिला स्थान नाही. गेट नसेल तर तुमचा अर्ज कोणी उघडूनही पाहणार नाही.

येथेच तुमच्यासारख्या अनुभवी मुलांची गफलत होते. सॉकमध्ये तीन वर्षे काढलेला मुलगा वर्गात येतो, नेटवर्कचा धडा आपल्याला पाठ आहे असे समजतो आणि सबनेटच्या गणितात किंवा टीसीपीची विंडो किती वेळाने किती वाढेल या प्रश्नात अडकतो, कारण साधन वापरणे आणि त्या साधनाच्या पोटात काय चालते ते कागदावर मांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेटमध्ये १०० गुणांपैकी १५ सामान्य क्षमतेला असतात. उरलेल्यांत गणित, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, कंपायलर, अल्गोरिदम, संगणक रचना हे सगळे येते. सायबर सुरक्षा हा त्यात स्वतंत्र विषय नाही. तरीही मी या परीक्षेला व्यर्थ म्हणणार नाही. मेमरी कशी वाटली जाते आणि पेज टेबल कसे चालते हे ज्याला पक्के ठाऊक आहे, तोच पुढे एखाद्या अनोळखी मालवेअरची चिरफाड करू शकतो. बाकीचे साधनाने दिलेला अहवाल वाचत बसतात.

परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज साधारण ऑगस्टअखेरीस सुरू होतात आणि गुण तीन वर्षे वैध राहतात. रात्रपाळी सांभाळून अभ्यास करायचा असेल तर दुपारी घरी झोपमोड करून पुस्तक उघडण्यापेक्षा शिफ्ट संपल्यावर थेट एखाद्या अभ्यासिकेत जावे, दोन तास नेटाने सोडवावे आणि मगच घरी जाऊन झोपावे. गेट मनासारखी झाली नाही तर पाषाण येथील सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेच्या केंद्रातील सुरक्षाविषयक पदव्युत्तर पदविका किंवा गिरीनगरच्या डीआयएटी या संरक्षण तंत्रज्ञान संस्थेतील एम.टेक. हेही चांगले पर्याय आहेत, मात्र त्यांमुळे वयाचे घड्याळ थांबत नाही.

उत्तर : बाणेर, सुरक्षा सल्लागार

ब्लॉगविषयी मी सांगते. तो घाईघाईने पुसून टाकू नका. पुसलेल्या पानांच्या प्रती कुठे ना कुठे सापडतातच आणि पुसण्यामागचा हेतू मात्र संशयास्पद दिसतो. त्याऐवजी प्रत्येक लेख एका प्रश्नावर तपासून पाहा : या प्रणालीची चाचणी घेण्याची मला लेखी परवानगी होती का? त्रुटी शोधून कळवणाऱ्यांसाठी कंपन्या चालवतात त्या बक्षीस योजनेच्या अटींत राहून केलेले काम असेल तर ते अभिमानाने मिरवा. परवानगीशिवाय कोणाच्या सर्व्हरमध्ये अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरू शकतो, आणि हेतू चांगला असला तरी कलम ४३ खाली भरपाईची जबाबदारी येऊ शकते. सरकारी संकेतस्थळावर त्रुटी दिसल्यास ती सर्ट-इन किंवा एनसीआयआयपीसी यांना कळवण्याची अधिकृत सोय आहे, आणि तशी नोंद हे मुलाखतीत सांगण्याजोगे काम आहे.

दुसरी गोष्ट अधिक कळकळीने सांगते. टेलिग्रामवर किंवा लिंक्डइनवर कोणी स्वतःला 'विभागातला' म्हणवून थेट नेमणूक देऊ करत असेल, पडताळणीच्या नावाखाली पैसे मागत असेल किंवा तुमच्या सध्याच्या ग्राहकांची माहिती 'चाचणीसाठी' मागत असेल, तर तो ठग आहे किंवा त्याहूनही वाईट कोणी आहे. अर्ज केल्याचे जाहीरपणे लिहू नका, अशा लोकांना तेवढाच सुगावा पुरतो. आईवडिलांना सांगा, जिवलग मित्राला सांगण्याची गरज नाही.

प्रश्नकर्ता : खराडीची रात्रपाळी

सर्वांचे मनापासून आभार. ब्लॉगवरील सर्व लेख बक्षीस योजनांमधील परवानगीचेच आहेत, त्यामुळे तो तसाच ठेवतो. गेटचा अभ्यास या आठवड्यापासून सुरू करतो. भाड्याची घरे आणि भाऊ यांविषयीची शंका मात्र उरली आहे. वारजे येथील घराचा करार घरमालकाने नोंदवलाच नव्हता आणि ते आता पुण्यात राहत नाहीत.

उत्तर : निवृत्त, सहकारनगर

साक्षांकन नमुना, म्हणजे अटेस्टेशन फॉर्म, निवड झाल्यावर भरून घेतात. त्यात गेल्या पाच वर्षांत एकाच ठिकाणी एक वर्षाहून अधिक काळ जेथे जेथे राहिलात ते पत्ते कालावधीसह लिहायचे असतात. ते पत्ते संबंधित पोलिसांकडे जातात आणि हवालदार येऊन शेजाऱ्यांना विचारतो. करार नोंदवलेला नसल्याने पत्ता खोटा ठरत नाही. त्या काळातील बँकेचे पत्र, गॅसची पावती, कंपनीच्या नोंदीतील पत्ता, जे असेल ते आजच एका फाइलमध्ये लावून ठेवा. वारजेच्या शेजाऱ्यांपैकी कोणाशी ओळख असेल तर एकदा जाऊन भेटून या, म्हणजे चौकशीला आलेल्या माणसाला 'हो, हा मुलगा येथे राहत होता' असे सांगणारा कोणीतरी असेल.

त्याच नमुन्यात कधी अटक, खटला, दंड किंवा परीक्षेतून बाद होणे असे काही घडले आहे का, हेही विचारतात. येथे माहिती दडवणे हे मूळ घटनेपेक्षा जड जाते. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या विषयाचा सविस्तर ऊहापोह केला आहे. किरकोळ बाब सांगितली असेल तर नियोक्ता तिचा तारतम्याने विचार करू शकतो, लपवलेली बाब मात्र नेमणूक रद्द होण्यास कारण ठरू शकते. भावाचेही तसेच. तो कॅनडात कोठे राहतो, काय करतो आणि तेथील नागरिकत्व घेतले आहे का, हे त्याला विचारून नेमके लिहून घ्या व विचारले जाईल तेथे जसेच्या तसे लिहा. परदेशातील नातेवाईक म्हणजे आपोआप नकार नव्हे.

एक शेवटची सूचना. सेवेत गेल्यावर १९८५ च्या गुप्तचर संघटनांविषयीच्या कायद्यामुळे संघटना स्थापणे, वृत्तपत्रांशी बोलणे यांवर बंधने येतात, आणि २०२१ च्या निवृत्तिवेतन नियमांतील दुरुस्तीनुसार निवृत्तीनंतरही संघटनेच्या कामकाजाविषयी पूर्वपरवानगीशिवाय काही प्रसिद्ध करता येत नाही. तुम्हाला लिहिण्याची आवड आहे असे दिसते. अर्ज टाकण्यापूर्वी याचा विचार घरच्यांबरोबर बसून करा.