प्रतिसाद: कान पसरले, काळा रंग फुटला

तुमच्या मुलीच्या वाढदिवसाच्या मनीमाऊ कुकीजचे कान ओव्हनमध्ये पसरले आणि डोळ्यांचा काळा रंग फुटला, असं तुम्ही लिहिलंत. कान पसरले ते बेकिंग पावडरमुळे. ती पूर्ण वगळा. २०० ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम पिठीसाखर, १ अंडं, ४०० ग्रॅम मैदा एवढंच पुरे. लोणी-साखर फार फेटू नका. हवा भरली की कुकी फुगते. ६ मिमी जाड लाटून, कापून, ट्रेसकट १५ मिनिटं फ्रीझरमध्ये आणि मग थेट १८० अंशांवर १०-१२ मिनिटं.

डोळ्यांचा काळा रंग पांढऱ्यात उतरला, कारण खालचं पांढरं आयसिंग (साखरेचा लेप) ओलं होतं. ते पंख्याखाली किमान ८ तास, पावसाळ्यात रात्रभर सुकवा, मगच डोळे काढा. काळं आयसिंग आदल्या दिवशी कालवा. रंग मुरून गडद होतो, कमी घालावा लागतो. मिशा मात्र सगळ्यात शेवटी, घट्ट आयसिंगने.