वायफाय जोडताना बोर्ड अडकतोय त्याबद्दल
तुम्ही लिहिलंय की वायफाय जोडेपर्यंत बटण दाबलं तरी मोटर बंद होत नाही, आमच्या खानापूरकडच्या शेतात ईएसपी८२६६ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) वर अगदी हेच झालेलं ओ. वायफाय सुरू करणाऱ्या बिगिन कमांडचा दोष नाही, ते लगेच परत येतंय, आपणच खाली व्हाइल लूप (अट पुरी होईस्तोवर तिथंच फिरत राहणारा कोड) लावून कनेक्ट होईस्तोवर ताटकळत बसतोय. तो लूप काढाच, मोटर जळायची भीती हाय. मिलिस (बोर्ड चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारी कमांड) बघून दर ५०० मिलिसेकंदांनी नुसतं वायफायचं स्टेटस विचारा, मधल्या वेळात बटण, सेन्सर सगळं चालू राहूदे. त्या व्हाइल लूपमधे डिले (थोडं थांबायची कमांड) टाकला तर वॉचडॉग (अडकलेला बोर्ड आपोआप परत चालू करणारा टायमर) रिसेट करत नाही खरं, पण बटण तसंच मुकं राहतंय. आणि स्थिर आयपी (बोर्डाचा नेटवर्कवरचा ठरलेला पत्ता) दिला की डीएचसीपीचा, म्हंजे राउटरकडनं पत्ता मागून घ्यायचा, वेळ वाचतो, आमच्याकडं लाइट सारखी जाते, दर वेळी वायफाय परत जोडावं लागतंय, तिथं हे लई कामाला येतंय.