मदत हवी आहे: अमेरिकेत कोणी 'कासा' स्वयंसेवक आहे का?

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहते, पूर्णवेळ नोकरी करते. घरात छळ किंवा हेळसांड झालेल्या मुलांचं प्रकरण कोर्टात जातं, तेव्हा त्या मुलाच्या बाजूने बोलणारा 'कासा' (CASA, Court Appointed Special Advocate, म्हणजे कोर्टाने नेमलेला मुलाचा खास प्रतिनिधी) स्वयंसेवक व्हायचा विचार आहे. (१९७७ मध्ये सिएटलच्या डेव्हिड सूकप या न्यायाधीशांनी हे सुरू केलं.) वकील असावं लागत नाही. सुमारे ३० तासांचं प्रशिक्षण आणि पार्श्वभूमीची तपासणी झाली की न्यायाधीश नेमणूक करतात. मग मुलाला नियमित भेटायचं, शिक्षक, डॉक्टर, पालक, फॉस्टर कुटुंब (घराबाहेर काढलेल्या मुलाला तात्पुरतं सांभाळणारं) अशा सगळ्यांशी बोलायचं आणि कोर्टाला अहवाल द्यायचा.

इथवर कळलंय. खरी अडचण पुढे आहे. सुनावण्या कामाच्या दिवशी असतात, तर ऑफिसला नेमकं काय सांगता? प्रकरणाबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नसतं. मग मनावरचं ओझं कुठे उतरवता?

आणि सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न. शक्य असेल तिथे मूल आईवडिलांकडे परत जावं, हाच बहुतेक वेळा कोर्टाचा पहिला प्रयत्न असतो. आपल्याला आतून ते पटत नसेल तर अहवाल कसा लिहिता? माझा स्वभाव पटकन मत बनवणारा आहे, म्हणून विचारतेय.

"दुसऱ्यांच्या भानगडीत कशाला पडतेस" हे सासूबाईंकडून ऐकून झालंय, तेवढं सोडून काहीही सांगा. प्रकरण संपेपर्यंत, म्हणजे वर्षभर किंवा जास्तही, टिकून राहिलेल्यांनी जरूर लिहा. मधेच सोडलं असेल तर का सोडलं, तेही.