बटाट्याच्या शेंड्याची पाने चुरडणारा विषाणू : ओळख कशी निश्चित करावी?

प्रश्न
पुणे जिल्ह्यातील सातगाव पठारावरील खरीप बटाट्याच्या पानांचे नमुने मी तपासत आहे. बेणे पंजाबातून आलेले होते. शेंड्याची पाने वर वळून चुरडली आहेत आणि झाडे खुजी राहिली आहेत. पाने गुंडाळणारा विषाणू आणि विषाणू वाय या दोहोंच्या आरटी-पीसीआर (विषाणूचा आरएनए ओळखणाऱ्या) चाचण्या नकारात्मक आल्या. नंतर बेगोमोव्हायरस गटाच्या (पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या डीएनए विषाणूंच्या) सामाईक प्रायमरांनी, म्हणजे हवा तो भाग वाढवण्यासाठीच्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी, पीसीआर केला, तेव्हा आवरण-प्रथिनाच्या जनुकाचा तुकडा मिळाला. त्याचा क्रम 'टोमॅटो लीफ कर्ल न्यू दिल्ली' विषाणूशी सुमारे ९६ टक्के जुळतो. एवढ्या आधारावर प्रबंधात विषाणूचे नाव लिहावे का?

उत्तर १
लिहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमचा अंदाज बहुधा बरोबर आहे, कारण १९९० च्या दशकाच्या अखेरीस हरियाणातील हिसार भागात असाच रोग आढळला होता आणि त्यामागे याच विषाणूचा बटाट्यावरील प्रकार असल्याचे पुढे सिद्ध झाले. बेण्यातून आलेल्या पाने गुंडाळणाऱ्या विषाणूत खालची पाने आधी वळतात, त्यामुळे तुमची लक्षणेही त्याच्याशी जुळत नाहीत. मात्र आवरण-प्रथिनाचे जनुक या गटात फारसे बदलत नाही, आणि दोन विषाणूंच्या जनुकसंचांचे तुकडे एकत्र येऊन नवा विषाणू तयार होण्याचे प्रमाणही या गटात मोठे आहे. एका तुकड्यावरून घेतलेला निष्कर्ष म्हणूनच फसवा ठरू शकतो. प्रजाती ठरवण्यासाठी संपूर्ण डीएनए-ए ची (या विषाणूच्या जनुकसंचाच्या दोन घटकांपैकी पहिल्याची) तुलना करावी लागते. ९१ टक्के किंवा त्याहून अधिक साम्य असल्यास तीच प्रजाती आणि ९४ टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास तोच उपप्रकार मानला जातो.

उत्तर २
संपूर्ण क्रम मिळवणे आता अवघड राहिलेले नाही. विषाणूचा डीएनए वर्तुळाकार असल्याने फाय-२९ पॉलिमरेज हे डीएनए बनवणारे विकर वापरून रोलिंग सर्कल पद्धतीने, म्हणजे वर्तुळाभोवती फिरत पुन्हा पुन्हा प्रती काढून, तो वाढवता येतो आणि त्यासाठी विषाणूचा क्रम आधी माहीत असावा लागत नाही. त्यानंतर वर्तुळाला एकाच ठिकाणी छेदणारे विकर शोधून सुमारे २.७ किलोबेसचा (२,७०० बेसचा) तुकडा क्लोन करावा, म्हणजे जिवाणूत घालून त्याच्या प्रती कराव्यात. दुसरा घटक, डीएनए-बी, सुद्धा साधारण तेवढ्याच लांबीचा असतो, त्यामुळे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवरील एकाच पट्ट्यात दोन्ही घटक असू शकतात. अनेक क्लोन तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. डीएनए-बी मिळाल्यास तो याच डीएनए-ए चा जोडीदार आहे, हे कसे ठरवावे?

उत्तर १
दोन्ही घटकांतील सामाईक भाग शेजारी ठेवून पाहावा. त्यात विषाणूच्या डीएनएची प्रत काढण्यास लागणारे प्रतिकृती-प्रथिन जिथे जोडले जाते ते पुनरावृत्त क्रम, म्हणजे इटेरॉन, दोन्हींत जुळले तर जोडी खरी मानण्यास आधार मिळतो. पुनर्संयोजनाची (वर सांगितलेल्या तुकड्यांच्या सरमिसळीची) तपासणी वंशवृक्ष काढण्यापूर्वी करावी, कारण मिश्र क्रमांवर काढलेला वृक्ष दिशाभूल करतो. शिवाय त्याच शेतातील कंद जपून ठेवावेत आणि कोंब आल्यावर त्या कोंबांचीही पीसीआर चाचणी करावी. हा विषाणू पांढऱ्या माशीप्रमाणेच बेण्यातूनही पसरतो. लागण बेण्यातून आली की शेतातल्या माशीमुळे झाली, हा तुमच्या भागातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. मूळ बेण्यातील काही कंद शिल्लक असतील तर तेही याच चाचणीसाठी घ्यावेत, कारण पीक काढल्यानंतरच्या कंदांवरून हे दोन मार्ग वेगळे करता येणार नाहीत.